स्पायडरमॅनचा धागा येतो कुठून?

आवडत्या गोष्टीवर चित्रपट निघाला आणि त्यात कोणी फेरफार केला, की आपल्याला राग येतो. अमेरिकेतील चित्रकथांच्या वाचकांचेही तसेच आहे. मात्र त्यांच्या एका मोठ्या वादाचा विषय असा होता, की त्याचा निवाडा करण्यासाठी भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडावे लागते. तो वाद होता स्पायडरमॅनच्या धाग्याबद्दल.

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी हा नायक १९६२ साली प्रथम वाचकांपुढे आणला. पीटर पार्कर हा न्यूयॉर्कमधला शाळकरी मुलगा. आईवडील नाहीत, काका-काकूंकडे वाढलेला, पैशाची चणचण, पण विज्ञानात हुशार. किरणोत्सर्गी कोळी चावल्यामुळे त्याला भिंतीवर चढण्याची आणि उंच उड्या मारण्याची शक्ती मिळते. धागा मात्र त्याला कोळ्याने दिलेला नाही. चिकट द्रव त्याने स्वतः तयार केला आणि तो फेकणारे छोटे यंत्र मनगटावर बांधले.

२००२ साली सॅम रायमी यांचा चित्रपट आला. त्यात दोन बदल होते. कोळी किरणोत्सर्गी न राहता जनुकांमध्ये फेरफार केलेला झाला. हा बदल बहुतेकांनी सहज स्वीकारला. १९६२ साली लोकांना किरणोत्सर्गाचे कुतूहल आणि भय होते, तर २००२ साली जनुकांचे. दुसरा बदल मात्र अनेक जुन्या वाचकांना खटकला. मनगटावरचे यंत्र गेले होते आणि धागा थेट मुलाच्या शरीरातूनच निघत होता. चित्रपट पडद्यावर येण्याआधीच निषेध सुरू झाला.

दोन्ही बाजू काय म्हणतात?

बदलाच्या बाजूचे म्हणणे असे. मोठमोठ्या कारखान्यांना जमला नाही असा धागा एक शाळकरी मुलगा घरी बसून कसा बनवील? त्यापेक्षा कोळ्याच्या इतर शक्तींबरोबर धागाही मिळाला, हे अधिक पटते.

विरोधकांचे म्हणणे असे. भिंतीवर चढणे ही मुलाला आयती मिळालेली देणगी आहे, पण धागा ही त्याच्या अभ्यासाची कमाई आहे. ती काढून घेतली तर उरतो तो केवळ नशीबवान मुलगा.

आता हे दोन्ही पक्ष थोडा वेळ बाजूला ठेवू आणि थोडे गणित करू.

धागा किती जाड हवा?

समजा, मुलाचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे. धागा आडवा ताणलेला असताना तो झोका घेतो. झोक्याच्या सर्वात खालच्या बिंदूवर धाग्याला त्याचे वजन तर पेलावे लागतेच, शिवाय त्याला वर्तुळात फिरवण्यासाठी लागणारे बलही पुरवावे लागते. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाने हे जादा बल वजनाच्या दुप्पट येते. म्हणजे एकूण ताण वजनाच्या तिप्पट, सुमारे १,७६० न्यूटन. झोका लहान असो वा मोठा, हे उत्तर बदलत नाही, हे ध्यानात ठेवा.

कोळ्याचा चांगला धागा दर चौरस मिलिमीटरला सुमारे १,००० न्यूटन ताण सहन करतो. बळाच्या बाबतीत तो चांगल्या पोलादाच्या जवळपास जातो, आणि त्याची घनता मात्र पोलादाच्या सहाव्या हिश्श्याइतकीच असते. तेव्हा १.५ मिलिमीटर व्यासाचा धागा हा ताण जेमतेम पेलील. थोडी सुरक्षितता म्हणून २ मिलिमीटर घेऊ. दोन मिलिमीटरच्या धाग्यावर माणूस इमारतींमधून झोके घेऊ शकतो! चित्रकथेतील ही कल्पना वाटते तितकी अचाट नाही.

पण द्रव्य कुठून आणायचे?

खरी अडचण पुढेच आहे. प्रत्येक झोक्यासाठी ५० मीटर धागा लागतो असे धरू. २ मिलिमीटर व्यासाच्या अशा धाग्याचे घनफळ १५७ घन सेंटिमीटर भरते. घनता १.३ धरली तर वस्तुमान सुमारे २०० ग्रॅम. शंभर झोके घेतले की २० किलोग्रॅम!

कोळ्याचा धागा हा प्रथिनांचा असतो. ६० किलोग्रॅमच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे एका झोक्यातच चार दिवसांची प्रथिने खर्च झाली. शंभर झोक्यांत मुलाच्या शरीराचा तिसरा हिस्सा धाग्यांच्या रूपाने इमारतींना लटकलेला दिसेल. खरे कोळी याबाबतीत काटकसरी असतात. गोल जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि तीच प्रथिने पुन्हा वापरतात. शिवाय कोळ्याचा धागा पोटाच्या मागच्या टोकाशी असलेल्या बारीक नळ्यांतून येतो, पायांतून नाही. बहुतेक कोळी धागा पिचकारीसारखा फेकतही नाहीत. शरीरातील द्रव बाहेर ओढला जाताना त्याचा धागा बनतो. तेव्हा ‘कोळ्यासारखे म्हणून नैसर्गिक’ हा युक्तिवाद लंगडा पडतो.

मग यंत्राचा पक्ष जिंकला का? तेही नाही. मनगटावर मावणारी २ सेंटिमीटर व्यासाची आणि ५ सेंटिमीटर लांबीची नळी घ्या. तिच्यात सुमारे १६ घन सेंटिमीटर द्रव मावतो. एका झोक्यालाच अशा दहा नळ्या हव्यात! द्रव दाबून भरला असेल म्हणावे, तर द्रव पदार्थ फारसे दाबले जात नाहीत. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम दोघांनाही सारखाच आडवा येतो.

मग भांडण कशाचे?

इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वादात काही प्रश्न मोजून सुटतात, काही मोजून सुटत नाहीत. ‘कोणता धागा शक्य आहे?’ हा पहिल्या प्रकारचा प्रश्न. त्याचे उत्तर आपण आत्ताच काढले: दोन्ही अशक्य. ‘नायक कसा असावा?’ हा दुसऱ्या प्रकारचा. चाहते पहिल्या प्रश्नाच्या भाषेत दुसऱ्या प्रश्नावर भांडत होते.

आणि या दुसऱ्या प्रश्नात विरोधकांच्या म्हणण्याला वजन आहे. यंत्रातील द्रव ऐन वेळी संपतो, मग मुलाला डोके चालवावे लागते. वाचणाऱ्या मुलाला भिंतीवर चढता येणार नाही, पण प्रयोगशाळेत उभे राहता येईल. नायकाशी त्याचे नाते जुळते ते इथे. मात्र शरीरातून धागा निघू लागल्यावर घाबरणारा मुलगाही अनेकांना जवळचा वाटला, हे मान्य केले पाहिजे. त्या चित्रपटाने जगभरात ८० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

पुढच्या चित्रपटकारांनी दोन्ही पक्षांचे ऐकले. २०१२ च्या चित्रपटात यंत्र परत आले. त्यात धागा एका कंपनीने बनवलेला होता आणि मुलाने फक्त यंत्र बनवले. २०१७ च्या चित्रपटात तो शाळेच्या प्रयोगशाळेत गुपचूप द्रव बनवताना दिसतो. २०२१ च्या चित्रपटात तर तीन स्पायडरमॅन एकत्र येतात. ‘तुझ्या शरीरातूनच धागा निघतो?’ म्हणून यंत्रवाले दोघे तिसऱ्याकडे आश्चर्याने पाहतात. वीस वर्षांचे भांडण अशा रीतीने विनोदात मिटले.

खऱ्या प्रयोगशाळांत मात्र काम संपलेले नाही. जिवाणूंमध्ये आणि शेळीच्या दुधातही कोळ्याचे प्रथिन तयार करून झाले आहे. पण त्या प्रथिनापासून कोळ्याइतका चिवट धागा काढणे सोपे गेलेले नाही.

तुमच्यासाठी एक उदाहरण देतो. तुमचे स्वतःचे वस्तुमान घ्या. झोका आडव्या रेषेपासून न घेता उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करून घेतला, तर धागा किती जाड लागेल? ताण तिप्पट न येता दुप्पट येतो, हे आधी सिद्ध करा, मग व्यास काढा आणि शिक्षकांकडून तपासून घ्या.