उभे इंजिनही कोळसा खाते

आपल्या पूर्णा जंक्शनवर वाफेची इंजिने होती, तेव्हाच आम्ही एक गोष्ट शिकलो: उभे इंजिनही कोळसा खाते. आजच्या कचेऱ्यांतील संगणकांचे तसेच आहे.

हिशेब मांडू. माणसे घरी गेल्यावर 60 वॅटचे 100 संगणक 14 तास चालू राहिले, तर एका रात्रीत 84 युनिटे फुकट जातात. कंपन्यांची मोठी संगणक-केंद्रे नवी मुंबईत आहेत. तेथील यंत्रे जी वीज घेतात तिची अखेर उष्णताच होते आणि ती हटविण्यास पुन्हा वीज लागते.

ही वीज बव्हंशी कोळशाची, आणि त्या विजेला पाणी लागते. 2015 साली पाण्यावाचून परळीचे वीजकेंद्र बंद ठेवावे लागले होते.

उपाय साधे आहेत. रिकामी यंत्रे बंद करावीत, थोड्या यंत्रांवर भरपूर काम घ्यावे, दुरुस्ती करून ती अधिक वर्षे वापरावीत. मोडीत निघालेली यंत्रे परवानाधारकाकडेच द्यावीत. भंगारातील तारा जाळून तांबे काढणारा मजूर विषारी धूर छातीत घेतो.

म्हणून कामगारांनी मागणीपत्रात कचेरीच्या विजेचा हिशेबही मागावा. बिल मालक भरतो. धूर आणि पाणीटंचाई आपल्या वाट्याला येते.