करवंटी चुलीत घालण्याआधी जरा थांबा!

आपल्या मालवण किनाऱ्यावरच्या कुठल्याही घराच्या मागील दारी जा, दोन ढीग हमखास दिसतात. एक सोडणांचा आणि दुसरा करवंट्यांचा. न्हाणीचे पाणी तापवायला दोन्ही उपयोगी पडतात, त्यामुळे कुणी त्यांचा फारसा विचार करीत नाही. आता तर बऱ्याच घरांत गॅस आणि गिझर आले. मग हे ढीग पावसाळाभर तसेच भिजत पडतात, आणि नारळाचा अर्धा माल आपण मातीत घालतो.

आपल्या आजे-पणज्यांनी नारळाचे काहीही वाया घालवले नाही. करवंटीची डवली झाली, सोडणाचा सुंभ झाला, हिरांची वाढवण झाली, चुडतांचे झाप विणून मांगर शाकारला. पुढे स्टीलचा डाव आला, नायलॉनची दोरी आली, प्लॅस्टिकचे बटण आले आणि हातातली कसब हळूहळू विसरली गेली. आज शहरातल्या मोठ्या दुकानांत करवंटीची बटणे लावलेला सुती कुर्ता आणि काथ्याचे पायपुसणे 'नैसर्गिक' म्हणून चांगल्या किमतीला विकले जाते. नारळ आपल्या दारात आणि वस्तू मात्र दुसऱ्याच्या दुकानात! हे चित्र बदलायचे तर सुरुवात आपल्या घरापासून आणि आपल्या कपड्यांपासून करावी. म्हणून घरच्या घरी होतील अशा तीन गोष्टी आज सांगतो.

आधी माझी चूक ऐका

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका महिला बचत गटाला मी करवंटीची बटणे करायला सांगितले. करवंट्या कुठून आणायच्या? पर्यटकांनी पाणी पिऊन टाकलेल्या शहाळ्यांचा ढीग जवळच होता. फुकटचा माल म्हणून मीच तो उचलायला सांगितला. बायांनी आठ दिवस राबून बटणे केली, दिसायलाही छान झाली. एका शिंप्याने ती सदऱ्यांना लावली. दुसऱ्या धुण्यात बटणे भोकाजवळ तडकू लागली आणि सदरे परत आले. शिंप्याला आम्ही प्लॅस्टिकची बटणे आणून दिली. बायांची मजुरी मात्र बुडाली.

तेव्हा गटातील एका आजीने मला सुनावले, "साहेबानू, कोवळ्या नारळाची करटी ती, सुकल्यार फुटतलीच. आमका इचारलास काय?" मी विचारले नव्हते. शहाळे सात-आठ महिन्यांचे असते, त्याची करवंटी पुरती कठीण झालेली नसते. वाळताना ती आकसते आणि बारीक चिरा पडतात. फुलोऱ्यापासून सुमारे बारा महिन्यांनी पिकलेल्या नारळाचीच करवंटी बटणाला घ्यावी, हा धडा मी त्या दिवशी शिकलो. तुम्ही तो फुकट घ्या.

पहिली वस्तू : करवंटीचे बटण

साहित्य फार लागत नाही. हॅक्सॉचे पाते, हाताने फिरवायचे ड्रिल, २ मिलिमीटरची पिन, आणि ८०, १२०, २२० व ४०० नंबरचा पॉलिश पेपर. हे सारे हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

१) पिकलेल्या, पण न कुजलेल्या नारळाची करवंटी घ्या. बोटाने टिचकी मारली की खणखणीत आवाज आला पाहिजे. ज्या कवडीला तीन डोळे असतात ती बाजूला ठेवा; तिच्यावर उंच शिरा असतात आणि बटण सरळ येत नाही. खालची गुळगुळीत कवड बटणासाठी उत्तम.

२) सुरीने किंवा फुटक्या काचेच्या धारेने बाहेरचे केस आणि आतली तपकिरी साल खरवडून काढा. खोबऱ्याचा अंशही राहू देऊ नका. तो राहिला तर बुरशी येते आणि मुंग्या लागतात. काच हाताळताना जाड फडके वापरा.

३) साफ केलेली करवंटी सावलीत आठ-दहा दिवस वाळवा. उन्हात घाई केली तर चिरते. कापायच्या आधी तीन-चार तास पाण्यात ठेवा, म्हणजे पाते सहज चालते आणि कडा तुटत नाहीत.

४) पेन्सिलने १५ ते १८ मिलिमीटरचे गोल आखा. भोके आधी पाडा, तुकडा नंतर कापा. तुकडा लहान झाल्यावर तो हातात धरून ड्रिल चालवणे म्हणजे बोटाला भोक पाडून घेणे होय. दोन भोकांत ४ मिलिमीटर अंतर ठेवा आणि काठापासून भोक निदान ४ मिलिमीटर आत असू द्या. आमच्या पहिल्या खेपेत काही भोके काठाला गेली होती, तीही तडकलीच.

५) चौकोनी तुकडे कापून कोपरे उडवा, मग जाड पॉलिश पेपरवर घासून गोल करा. पुढे क्रमाने बारीक पेपर वापरा. शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन चोळा. करवंटीची नैसर्गिक झळाळी येते, व्हार्निशची गरज नाही.

घासताना नाका-तोंडाला फडके किंवा मास्क बांधा. ही धूळ फार बारीक असते आणि छातीला त्रास देते. लहान मुलांना जवळ बसवू नका.

एका कवडीतून हाताने काम करणाऱ्याला आठ-दहा चांगली बटणे मिळतात. सदऱ्याला पुढची आणि बाह्यांची मिळून नऊ-दहा लागतात, तर कुर्त्याला तीन-चार पुरतात. म्हणून नवशिक्याने कुर्त्यापासून सुरुवात करावी. तयार बटणे साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, सावलीत वाळवा आणि अंगठ्यांनी दाबून पाहा. या परीक्षेत जे तडकले ते चुलीत जाऊ द्या, गिऱ्हाइकाकडे जाऊ देऊ नका. बटण लावलेला कपडा धुताना ब्रश घासू नये आणि इस्त्री थेट बटणावर फिरवू नये.

बाजूला ठेवलेली डोळ्यांची कवडही कामाची आहे. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने सहज मोकळा होतो. त्यात माती भरून मिरचीचे किंवा झेंडूचे रोप लावा. पाणी भोकातून निघून जाते. सुंभाने ओटीवर टांगलेली अशी कुंडी कुठल्याही विकतच्या कुंडीपेक्षा कमी दिसत नाही.

दुसरी वस्तू : सुंभाचे पायपुसणे

पाऊस सुरू झाला की लाल चिखल घरात येतो. त्याला काथ्यासारखे दुसरे औषध नाही. काथ्या चिखल खरवडून घेतो आणि ओला झाला तरी लवकर कुजत नाही.

सुंभाच्या तीन पदरांची घट्ट वेणी घाला. एक इंच रुंदीची वेणी मधल्या बिंदूपासून चक्रासारखी गुंडाळत जा आणि दाभणाने जाड दोऱ्याचे टाके शेजारच्या फेऱ्याला घालत चला. १८ इंच व्यासाच्या गोल पायपुसण्याला सुमारे २१ फूट वेणी लागते. वेणी घालताना लांबी आटते, म्हणून प्रत्येक पदर २८ फुटांचा, म्हणजे एकूण ८४ फूट सुंभ धरा. फेरे सपाट जमिनीवर ठेवूनच शिवा. हातात धरून शिवले तर पायपुसणे टोपलीसारखे वर येते. शेवटच्या फेऱ्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून शिवली तर काठ सुटत नाही आणि रंगही खुलतो.

सुंभ घरी वळायचा असेल तर सोडण भिजवावे लागते. इथे एक सूचना मनापासून करतो. सोडण विहिरीत, वहाळात किंवा माशांच्या वावराच्या खाडीच्या कोपऱ्यात भिजत घालू नका. सोडण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, घाण वास सुटतो आणि मासे मरतात. केरळच्या खाड्यांनी हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. वाडीत वेगळा खड्डा किंवा टाकी करा, ती झाकून ठेवा. भिजलेले सोडण मोगरीने बडवून, धुऊन, वाळवून काथ्या काढा. धुतलेल्या पाण्याचा लोट कोवळ्या रोपांच्या मुळाशी सोडू नका, त्यातील टॅनिन रोपांना बाधते.

तिसरी वस्तू : सोडणाचा रंग

नारळ सोलताना सदऱ्यावर पडलेला डाग कधी गेला आहे का? कितीही घासा, जात नाही. हा डाग म्हणजेच रंग! सोडणात टॅनिन असते आणि ते सुताला घट्ट धरते. पूर्वी सुताची मासेमारीची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकवत, त्यामागेही हेच टॅनिन होते. नायलॉनची जाळी आली आणि ते काम मागे पडले.

बटणाला नालायक ठरलेली शहाळी इथे उपयोगी पडतात. हिरव्या सोडणाचा रंग बदामी ते तांबूस तपकिरी येतो. अर्धा किलो सुती कापडाला एक किलो चिरलेले हिरवे सोडण आणि दहा लिटर पाणी घ्या. सोडण रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी तासभर उकळा आणि गाळून घ्या. कापड आधी साबणाच्या पाण्यात उकळून त्यातली खळ पूर्ण काढलेली असावी, नाहीतर रंग ठिपक्यांनी बसतो. ओले कापड रंगात घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवा आणि त्याच पाण्यात निवू द्या. नंतर ७५ ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा आणि पुन्हा एकदा रंगात घाला. शेवटी स्वच्छ पाण्यात खळबळून सावलीत वाळवा.

भांडे स्टीलचे घ्या. लोखंडी कढई वापरली तर रंग काळपट होतो; मुद्दाम करडा रंग हवा असेल तर मूठभर गंजके खिळे टाका. या कामाचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. पहिले दोन-तीन वेळा कपडा वेगळा धुवावा. कडक उन्हात हा रंग थोडा फिका होतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. पांढरा पडलेला जुना कुर्ता किंवा पिवळट झालेली ओढणी अशी रंगवून त्यावर करवंटीची बटणे लावली की कपाटात नवा कपडा आला असे समजा.

विकण्याची घाई नको

पहिली वस्तू घरात वापरा, दुसरी पाहुण्याला द्या, तिसरी विका. वर्षभर पावसात-उन्हात तुमच्या दारात टिकलेले पायपुसणेच तुमची खरी जाहिरात आहे. किंमत ठरवताना करवंटी फुकट म्हणून आपला वेळही फुकट धरू नका. एका तासात परीक्षेला उतरलेली बटणे किती झाली ते लिहून ठेवा, तुमच्या गावच्या एका तासाच्या मजुरीला त्या संख्येने भागा आणि पॉलिश पेपरचा खर्च मिळवा. येणारी किंमत बाजारात मिळत नसेल तर ती वस्तू घरापुरती करा. तोट्यात विकून हौस भागवण्यात अर्थ नाही.

ग्रामपंचायतीसाठी दोन शब्द

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना दोन विनंत्या. पहिली आरोग्याची. उघड्यावर पडलेल्या करवंट्या आणि शहाळी पावसात भरतात आणि त्यात डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्याच्या कोरड्या दिवशी पाण्याच्या पिंपांबरोबर हे ढीगही पाहावेत. शहाळे विक्रेत्यांचा माल एका ठिकाणी, छपराखाली जमा करण्याची सोय केली तर डासही कमी होतील आणि रंगकामाला सोडणही मिळेल. बचत गटासाठी ड्रिल आणि पात्यांचा एखादा संच ग्रामपंचायतीत ठेवला तर प्रत्येकीला वेगळा खर्च नको.

दुसरी विनंती योजनेची. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत टोपली, चटई, झाडू करणारे आणि काथ्या विणणारे यांचा समावेश आहे. शिंपीही त्यात आहेत. पात्र कारागिराला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्ज, पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत, अशी तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे होते. तो कागद टेबलावर पडून राहिला तर कारागीर तिथेच अडकतो. तुमच्या गावात अजून सुंभ वळणारे, झाप विणणारे हात कोणते आहेत याची यादी आजच करा. त्यातील बरेच जण सत्तरीच्या पुढे असतील. त्यांच्याकडून तरुण मुलींना शिकवून घ्यायचे असेल तर उशीर परवडणार नाही.

आणि माझ्यासारखा कुणी अधिकारी उद्या नवी कल्पना घेऊन गावात आला, तर त्याला आधी त्या आजीकडे पाठवा. त्या गटाने पुढे पिकलेल्या नारळाची बटणे केली. त्यातील चार माझ्या कुर्त्याला आहेत आणि अजून एकही तडकलेले नाही.