सराव-लढतीतील क्षोभ आणि दुसरा बाण

कराटे, ज्युदो, तायक्वांदो, मुष्टियुद्ध या विद्या आज आपल्या वस्त्यांतील मुलामुलींना अपरिचित राहिलेल्या नाहीत. परंतु त्या शिकताना एका टप्प्यावर पुष्कळ विद्यार्थी अडखळतात. एकट्याने करावयाच्या ठरीव हालचाली, ज्यांना कराटेत काता म्हणतात, त्या उत्तम जमू लागलेल्या असतात. मग समोर जोडीदार उभा राहतो, कुमिते म्हणजे सराव-लढत सुरू होते आणि पहिला ठोसा बसताच डोळे भरून येतात, हात जड होतात. किंवा असा संताप उसळतो की शिकलेले सर्व विसरून विद्यार्थी आंधळेपणाने हात चालवू लागतो. मागाहून लाज वाटते. आपण भित्रे आहोत असा समज करून घेऊन कित्येकजण वर्गच सोडतात. हा क्षोभ म्हणजे काय आणि त्याला सामोरे कसे जावे, याचा धम्माच्या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शरीरात काय घडते

आघाताची चाहूल लागताच शरीरात ॲड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो वा रोखला जातो, दृष्टी एका बिंदूवर खिळते आणि बारीक कौशल्याच्या हालचाली बिघडतात. प्राणी अशा वेळी लढतो, पळतो किंवा जागीच थिजतो. समोरचा आघात ठरवून केलेल्या सरावाचा आहे की खऱ्या हल्ल्याचा, हा भेद पहिल्या क्षणी शरीराला कळत नाही. नाकावर फटका बसला तर दुःख नसतानाही डोळ्यांतून पाणी येते. लढत संपल्यावर हातपाय थरथरतात, तेही त्याच उसळीचे ओसरणे होय. यांपैकी कोणतीही गोष्ट मनुष्याच्या धैर्याचे माप नव्हे.

मात्र डोक्यावर आघात झाल्यानंतर भोवळ, वांती किंवा भ्रम जाणवल्यास ते मनाचे दौर्बल्य समजू नये. सराव त्वरित थांबवून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

दोन बाण

संयुत्त निकायाच्या वेदना संयुत्तात सल्लत्थ सुत्त आहे. त्यात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शारीरिक वेदना हा पहिला बाण. अशिक्षित मनुष्य त्या वेदनेने व्याकूळ होऊन शोक करतो, तेव्हा त्याला मानसिक दुःखाचा दुसरा बाण लागतो. आर्यश्रावकालाही पहिला बाण लागतोच. दुसरा मात्र लागत नाही. दुःखद वेदनेच्या मागे पटिघ, म्हणजे प्रतिकाराची व द्वेषाची सुप्त प्रवृत्ती दडलेली असते, हे त्या सुत्ताचे मर्म आहे.

सराव-लढतीत हा क्रम अगदी उघडा दिसतो. छातीवर बसलेला ठोसा हा पहिला बाण. ‘याने मुद्दाम मारले’, ‘सगळे मला हसत आहेत’, ‘मी कशाच्याही लायक नाही’ हे विचार म्हणजे दुसरा बाण. ठोशाची कळ काही क्षणांत शमते. या विचारांची कळ घरापर्यंत सोबत येते.

येथे एक सावधानता आवश्यक आहे. दुसरा बाण लागला म्हणून विद्यार्थ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मार आणि अपमान एकत्रच अनुभवला, त्याच्या लेकरांना ठोसा हा निव्वळ ठोसा वाटत नसेल, तर त्यात नवल ते काय? तो बाण फार पूर्वी घडविला गेला आहे. त्याला ओळखणे हीच त्यातून सुटण्याची पहिली पायरी होय.

खंती आणि लाचारी

‘सोसायला शीक’ हा उपदेश अशा वेळी हमखास केला जातो. मूकपणे मार सोसण्याची सक्ती आपल्यावर शतकानुशतके झाली. तिला खंती म्हणता येणार नाही. खंती म्हणजे प्रतिकाराचे सामर्थ्य असताना चित्तावर ठेवलेला ताबा. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर, मंदिरप्रवेशाची अफवा पसरवून सवर्णांच्या जमावाने परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ला केला. प्रतिकारास सज्ज असलेल्या आपल्या अनुयायांना बाबासाहेबांनी शांत राहण्याचा आदेश दिला आणि त्यांनी तो पाळला. तो संयम दुर्बलांचा नव्हता.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला असून, बुद्धाची अहिंसा तत्त्वस्वरूप असल्याचे प्रतिपादिले आहे. त्यामुळे परस्परांच्या संमतीने, हानीची इच्छा न बाळगता केलेला सराव शीलाशी विसंगत ठरत नाही. चेतना कोणती, हा खरा प्रश्न आहे.

प्रत्यक्ष साधना

सरावापूर्वी गती, जोर आणि वर्ज्य अंगे ही जोडीदाराशी बोलून ठरवावीत. आरंभी एक आघात, एक बचाव अशी ठरवून केलेली लढत, म्हणजे इप्पोन कुमिते, करावी. ती स्थिर चित्ताने जमू लागल्यावरच मुक्त लढतीकडे वळावे.

लढत चालू असताना श्वास रोखला गेल्याचे ध्यानात येताच जोडीदाराच्या टप्प्याबाहेर एक पाऊल मागे यावे. हातांचा बचाव ढळू देऊ नये, डोळे उघडे असावेत. तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श जाणावा आणि श्वास सावकाश, पूर्ण बाहेर सोडावा. मनात जे उठले त्याला ‘भय’, ‘राग’, ‘लाज’ असे नाव द्यावे. सतिपट्ठानात सांगितलेल्या वेदना व चित्त यांच्या अनुपस्सनेचा हा व्यवहारातील उपयोग आहे. एवढ्याने क्षोभ शमला नाही, तर हात वर करून थांबावे. ज्युदोत तळहाताने दोनदा थाप मारून शरणागती दर्शविण्याची रीतच आहे. तिच्यात अपमान मानला जात नाही.

सराव संपल्यावर परस्परांना अभिवादन करावे, थोडे चालावे आणि मग काही वेळ आनापान करावे. उसळलेली लाट कशी उठली आणि कशी विरली, हे पाहावे. जोडीदारानेही आपल्या ठोशाने समोरच्याला रडू आले तर हसू नये. थांबून विचारपूस करावी.

ज्यांनी घरी वा बाहेर मारहाण किंवा अत्याचार सोसले आहेत, त्यांना सरावात जुनी स्मृती एकाएकी घेरू शकते. त्यांच्यावर कोणतीही सक्ती नसावी. डोळे मिटून श्वास पाहिल्याने घबराट वाढत असेल, तर डोळे उघडे ठेवून भोवतालच्या वस्तू न्याहाळाव्यात आणि समुपदेशकाचे साहाय्य घ्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये शासनाने सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

प्रशिक्षकांचे दायित्व

ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये आपली कोदोकान ही शाळा टोकियोतील एइशो-जी या बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत सुरू केली. स्वतःचे व इतरांचे परस्पर कल्याण हे तत्त्व त्यांनी पुढे आपल्या विद्येचे ध्येय म्हणून मांडले. जोडीदार सुखरूप राहिला तरच उद्याचा सराव होणार, हे त्यामागील साधे सत्य आहे. रडणाऱ्या विद्यार्थ्याची चेष्टा करणारा, किंवा ‘कणखर’ करण्याच्या नावाखाली त्याला अधिक बलवान जोडीदारापुढे ढकलणारा प्रशिक्षक हे तत्त्वच मोडतो. मुलगी सरावातून थांबू इच्छित असेल, तर कारण न विचारता तिला थांबू दिले पाहिजे. ज्या वर्गात थांबण्याची मुभा असते, तेथेच भयभीत विद्यार्थी दुसऱ्या दिवशी परत येतो.

तेव्हा, पहिल्या ठोशाला डोळे भरून आलेल्या मुलामुलींनी वर्ग सोडू नये. पहिला बाण सरावातही लागेल आणि जीवनातही लागेल. दुसरा बाण आपल्याच मनातून कसा सुटतो, हे पाहण्याची संधी मात्र जीवनात एवढ्या सुरक्षितपणे, मित्राच्या सोबतीने, क्वचितच मिळते.