खाडीकाठची पेठ

मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात मी अधूनमधून मदतीला जातो. मागच्या सत्रात मुलांना 'माझे गाव' हा निबंध लिहायला दिला होता. कुणी वाई लिहिले, कुणी संगमेश्वर. एका दहा वर्षांच्या मुलीने मात्र कोरी वही परत दिली. म्हणाली, "काका, सांगलीला आम्ही वर्षातून पंधरा दिवस जातो. माझा जन्म देऱ्यातला. पण दुबईला इतिहासच नाही असं बाबा म्हणतात. मग लिहू काय?"

तिच्या बाबांना दोष कसा द्यायचा? तेच वाक्य मीही अनेकदा बोललो आहे. पेशाने मी रसायनशास्त्रज्ञ, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण ती कोरी वही मनातून जाईना. चार पुस्तके वाचली, काही सुट्ट्यांना बर दुबई आणि देरा पायी फिरलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

अल फहिदी किल्ला साधारण 1787 चा. तेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते. 1833 मध्ये मक्तूम बिन बुती सुमारे 800 माणसांसह अबू धाबीहून येऊन खाडीच्या मुखाशी वसले. पुढची जवळजवळ शंभर वर्षे गाव जगले ते मोत्यांवर. उन्हाळ्यात पाणबुडे महिनोन् महिने समुद्रावर असत आणि त्यांनी काढलेल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई! तिथे मोत्याचे मोल 'चव' या मापाने ठरे. वजन दुप्पट झाले की चव चौपट. प्रयोगशाळेत पाहाल तर मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, खडूचाच भाऊबंद. पण त्यावर इथल्या घरांच्या चुली पेटत.

पेशवाईत नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना कौल देऊन काही वर्षे कर माफ करीत. इथेही तेच घडले. 1894 मध्ये शेख मक्तूम बिन हशर यांनी परदेशी व्यापाऱ्यांना करमाफी दिली. पुढे समोरच्या इराणी किनाऱ्यावर, लिंगेह बंदरात, जकात वाढली आणि तिथले व्यापारी इकडे आले. बस्ताक भागातून आलेल्यांनी वाऱ्याच्या मनोऱ्यांची घरे बांधली, ती वस्ती बस्तकिया. तिलाच आता अल फहिदी ऐतिहासिक वस्ती म्हणतात.

1909 मध्ये दुबईत टपाल कचेरी उघडली ती हिंदुस्थान सरकारच्या टपाल खात्याची. पत्रांवर तिकिटे आपलीच लागत. बाजारात नाणेही आपलेच, रुपया आणि आणे. सोन्याच्या चोरट्या व्यापारात परकीय चलन जाऊ लागले म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. जून 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि दुबईने रुपया सोडला. आजचा दिरहम आला मे 1973 मध्ये. तरीही एखादे वयस्क अरब आजोबा दिरहमला 'रुबिया' म्हणतात, आंब्याला 'हंबा' आणि सरळ जा म्हणताना 'सीदा'. आपले शब्द त्यांच्या घरात कधीच मुक्कामाला आले आहेत.

दिवस नेहमी बरे नव्हते. 1929 नंतरची जागतिक मंदी आणि जपानचे संवर्धित मोती, या दोन तडाख्यांनी मोत्यांचा धंदा बसला. गावाने उपासमार पाहिली. त्यातून ते सावरले व्यापारावर. गाळाने भरत चाललेली खाडी शेख रशीद यांनी कर्ज उभारून 1959 ते 1961 या काळात उपसून घेतली. तेल सापडले 1966 मध्ये. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'तेल निघाले म्हणून दुबई झाली' असे आपण सहज म्हणतो, पण पेठ तेलाच्या आधीची आहे.

आणखी एक तारीख सांगतो. मुंबई ते बसरा फेऱ्या करणारी 'दारा' ही आगबोट 8 एप्रिल 1961 रोजी दुबईजवळच्या समुद्रात स्फोट होऊन पेटली. 238 माणसे गेली. विमाने स्वस्त होण्याआधी आपल्याकडचे लोक पोटासाठी अशाच बोटींच्या डेकवर बसून इकडे येत. आज तीन तासांत उतरणाऱ्या आपल्याला त्यांची आठवण असायला हवी.

व्हिसा संपला की इथून निघायचे आहे, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणूनच आपण या गावाशी बेताचेच नाते ठेवतो. मोठ्यांचे त्याने भागते. पण ज्या मुलांनी चालायला इथे सुरुवात केली, त्यांना 'हे तुझे नाही आणि तेही पंधरा दिवसांचेच' असे सांगून आपण त्यांच्या हाती काय देतो?

थंडी सुरू झाली की एका रविवारी सकाळी मुलांना घेऊन ही पेठ पायी दाखवायचा विचार आहे. किल्ल्यापासून सुरुवात, मग बस्तकिया, अब्रातून खाडी पार करून देऱ्याचा मसाल्यांचा बाजार. आई-बाबांनीही यावे, विशेषतः 'इतिहासच नाही' म्हणणाऱ्यांनी. पाण्याची बाटली आणि अब्रासाठी सुट्टे दिरहम जवळ ठेवावेत. नावे वर्गाच्या ताईंकडे द्यावीत.

त्या मुलीचे नाव यादीत पहिले आहे. निबंधाची वही ती बरोबर आणणार आहे.