भूभौतिकशास्त्रातली नोकरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भौतिकशास्त्रात एमएस्सी करणाऱ्यांना पुढचं विचारलं, की प्राध्यापकी नाहीतर बँकेच्या परीक्षा, एवढंच ऐकू येतं. भूभौतिकशास्त्राचं नाव निघालंच, तर सोबत हे समजही निघतात.

गैरसमज : त्यासाठी भूशास्त्राचीच पदवी हवी.
वस्तुस्थिती : यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेत जिओफिजिसिस्ट पदासाठी भौतिकशास्त्रातली एमएस्सीही चालते. पूर्वपरीक्षेच्या ४०० गुणांपैकी ३०० गुण विषयाच्या पेपरला असतात. सामान्य अध्ययनाला फक्त १००.

गैरसमज : नोकऱ्या फक्त तेल कंपन्यांत.
वस्तुस्थिती : ओएनजीसी मोठी नियोक्ता आहेच. पण तेलाचे भाव पडले की या क्षेत्रातली भरती आखडते, म्हणून इतर वाटाही माहीत हव्यात. यूपीएससीतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. संशोधनासाठी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी अनुसंधान संस्था (एनजीआरआय) आणि नवी मुंबईतली भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. धरणं, बोगदे, मेट्रो यांच्या जागेचा खडक तपासणाऱ्या खासगी कंपन्यांनाही भूभौतिकशास्त्रज्ञ लागतात.

गैरसमज : भूकंपाचं भाकीत करणं हे भूभौतिकशास्त्रज्ञांचं काम.
वस्तुस्थिती : ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना परिसराचा अभ्यास आजवर चालू आहे, त्यासाठी कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळाही आहे. तरीही हादरा कोणत्या दिवशी बसेल, हे कुणालाच सांगता येत नाही. धक्क्यांच्या नोंदी ठेवणं, त्यांचं केंद्र आणि खोली काढणं, कुठल्या भागाला किती धोका आहे ते ठरवणं, हे खरं काम.

गैरसमज : यंत्र चालवता आलं की झालं.
वस्तुस्थिती : रेझिस्टिव्हिटी मीटर 'इथे पाणी आहे' असं सांगत नाही, जमीन विजेला किती अडवते, एवढंच दाखवतो. पाणी धरलेला झिजलेला बेसॉल्ट आणि ओली चिकणमाती, दोन्ही कमीच अडवतात. अर्थ चुकला की बोअर कोरडी जाते आणि शेतकऱ्याचे पैसे बुडतात. पगार मिळतो तो हा अर्थ लावण्याचा. म्हणून शिकतानाच भूशास्त्रीय नकाशा वाचायला आणि पायथनवर नोंदी तपासायला शिकावं. एका तरी प्रकल्पात स्वतः शिवारात जाऊन मोजमाप घ्यावं. मुलाखतीत 'हाच निष्कर्ष का?' असं विचारलं, तर उत्तर तिथूनच येईल.