जुन्या मोटारीचे ब्रेक शू बसविताना

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते आळेफाट्याला एकमेकांना छेदतात. बोरी बुद्रुक, आळे, ओतूर भागातील आपल्या गॅरेजवाल्या बंधूंकडे येणारी गाडी उद्या माळशेज घाट उतरणार, हे धरूनच कामाला हात घालावा.

फियाट ११०० डी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली १९६४ साली, १९७४ साली तिची पद्मिनी झाली. आता ती बनत नाही. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातील खासगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली, तेव्हापासून अशा गाड्या दुरुस्त करून घेणारे शौकीन भेटतात. शौक मालकाचा, अमानत मात्र आपल्या हातात.

पहिली गोष्ट छातीची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रम काढल्यावर तोंडाने किंवा हवेच्या पाइपने धूळ उडविण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ही धूळ फुप्फुसात बसते आणि रोग वीस-तीस वर्षांनी बाहेर येतो. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसावे, फडके फेकून द्यावे. शागीर्दाला तर हे काम कोरडे करूच देऊ नये.

चाकांना दगड लावावेत, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी. मागच्या चाकांसाठी हँडब्रेक सोडावा. एका वेळी एकच बाजू खोलावी. दुसरी नमुन्याला राहते, स्प्रिंग कुठल्या भोकात होती हा वाद उरत नाही. शू काढले की व्हील सिलिंडरला तार बांधावी आणि पेडल कोणी दाबू नये, नाहीतर पिस्टन बाहेर येतात.

लायनर तेलकट निघाला तर पेट्रोलने धुऊन परत लावणे ही फसवणूक आहे. तेल आत मुरते, गरम झाल्यावर वर येते आणि गाडी एका बाजूला ओढते. आधी गळका वॉशर किंवा सील बदलावा, मग शू. शू नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. ड्रमला कडा पडली असेल तर लेथवर घ्यावा, पण दोन्ही बाजूंचा व्यास सारखा राहावा. मर्यादेपलीकडे पातळ झालेला ड्रम गिऱ्हाइकाला दाखवून नाकारावा. पैसे कमी मिळतील, चालेल.

लायनर घरी ठोकणाऱ्यांनी रिव्हेट मधून कडेकडे मारावेत, डोकी लायनरच्या आत राहावीत. बॅक प्लेटवर शू घासतो तेथे ग्रीसचा नुसता हात फिरवावा, लायनरला बोटही लागू नये.

ड्रम चढवून ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवावा, पेडल जोराने दाबून शू मध्यावर आणावेत, मग चाक जेमतेम मोकळे होईल इतका मागे घ्यावा. हँडब्रेकची केबल त्यानंतर ताणावी. लाइन खोलली असेल तर हवा काढावी, आणि ब्रेक ऑइलच्या जागी दुसरे कोणतेही तेल घालू नये, वॉशर फुगतात.

नवा लायनर ड्रमशी लगेच पूर्ण जुळत नाही. पहिले काही दिवस ब्रेक हलके मारावेत, घाट टाळावा. नंतर गाडी परत बोलावून ॲडजस्टमेंट पाहावी, आणि त्याची मजुरी वेगळी मागू नये.