पाऊल टेकण्याआधीच पोटरी तयार

माण-आटपाडीच्या माळावर पळणाऱ्याला लागोपाठ दोन पावलं सारखी मिळत नाहीत. एक मुरमावर पडतं, पुढचं सुट्या दगडावर, त्यापुढचं बांधाच्या उतरणीवर. वेगात पळताना पाय जमिनीला जेमतेम पाव सेकंद टेकतो. डोळ्यांनी पाहून हालचाल बदलायलाच साधारण २०० मिलिसेकंद जातात. म्हणजे खळगा पायाखाली आल्यावर मेंदूने विचार करून पाय सावरायचा म्हटलं, तर तोवर पाय उचलायची वेळ आलेली असते. तरीही माळावरची पोरं बिनधास्त पळतात. त्यांना सावरतं कोण?

याचं एक सुंदर उत्तर गिनी फाउल या जमिनीवर पळणाऱ्या पक्ष्याने दिलं. मोनिका डेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या पक्ष्यांच्या वाटेत साडेआठ सेंटिमीटर खोल खड्डा केला आणि तो पातळ कागदाने झाकून टाकला. पक्ष्याच्या लहानशा पायाच्या मानाने हा खड्डा चांगलाच खोल. कागद फाटून पाय आत गेला, पण पक्षी पळतच राहिले. खुब्याजवळचे मोठे स्नायू आपल्या ठरलेल्या लयीत काम करत राहतात आणि जमिनीतला फरक घोटा व पावलाकडचे, लांब कंडरा असलेले स्नायू पचवतात, असं या पक्ष्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. यातली खरी गंमत स्नायूच्या घडणीत आहे. स्नायू किती जोर लावणार, हे त्या क्षणी तो किती ताणलेला आहे आणि किती वेगाने ताणला जातोय यावरही ठरतं. जमीन उशिरा लागली की ताण बदलतो आणि ताणाबरोबर जोरही बदलतो. त्यासाठी मेंदूचा निरोप लागत नाही. मज्जारज्जूतून येणारी प्रतिक्षिप्त क्रियासुद्धा त्यानंतर, ४०-५० मिलिसेकंदांनी पोहोचते.

खळगा आधी दिसला, तर गोष्ट वेगळी. जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी माणसांना दिसणाऱ्या पायरीवरून पळायला लावलं आणि पायाच्या स्नायूंमधले विद्युत संकेत मोजले. पाऊल टेकण्याआधीच पोटरीच्या स्नायूची तयारी पायरीच्या उंचीप्रमाणे बदलत होती. घोटा मुरगळण्याचं कोडंही इथेच सुटतं. पाऊल कलंडायला लागल्यावर नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू जागे होईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आधीपासून ताणून तयार असलेला स्नायूच घोटा वाचवतो, आणि ही तयारी सवयीने येते.

या सगळ्याची किंमत किती? जेमतेम अडीच सेंटिमीटर उंचसखल पृष्ठभागावर चालताना ऊर्जा २८ टक्क्यांनी जास्त लागते, पण तशाच पृष्ठभागावर पळताना वाढ फक्त ५ टक्के. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निहाव धवळे आणि मधुसूदन वेंकटेशन यांच्या अभ्यासात तर दिसलं, की पळणारी माणसं अशा जमिनीवर सपाट जागा हेरून पाऊल टाकतच नाहीत. पुढे जाणाऱ्या गतीला कमीत कमी अडथळा होईल अशा बेताने ती पाय टेकवतात. खडबडीत जमीन पळणाऱ्याची ताकद शोषून घेते, ही आपली समजूत निदान थोड्याफार उंचसखलपणापुरती तरी सोडायला हवी.

माण तालुक्यातल्या मोहीच्या धावपटू ललिता बाबर यांची शर्यत तर मुळातच कुंपणं आणि ओढे ओलांडत पळण्याच्या प्रकारातून जन्माला आलेली. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये महिलांना ७६.२ सेंटिमीटर उंचीचे अडथळे २८ वेळा आणि पाण्याचा खड्डा ७ वेळा ओलांडावा लागतो. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम फेरीत गेल्या आणि दहाव्या आल्या. पस्तीस वेळा दमलेल्या पायांवर उतरायचं आणि दर वेळी लय टिकवायची, यात फुप्फुसाइतकीच पोटरी आणि घोट्याची कसोटी लागते. आपल्याकडे कौतुक मात्र दमाचंच होतं.

उताराचा हिशेब निराळा. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून गेलेल्यांना तोच घाट उतरून यावं लागतं. चढताना धाप लागते, पण स्नायू दुखावतो तो उतरताना. मांडीच्या पुढच्या स्नायूला तेव्हा एकाच वेळी जोर लावायचा असतो आणि लांबही व्हायचं असतं. त्यात त्याच्या आतल्या सूक्ष्म रचना विस्कटतात आणि पाय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकतात. पण तोच उतार काही दिवसांनी पुन्हा उतरला, तर दुखणं बरंच कमी असतं आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. उतारावर पळवलेल्या उंदरांच्या मांडीत तर स्नायूतंतूंच्या लांबीत नवे आकुंचन-घटक जोडले गेलेले १९९४ मध्ये आढळले. म्हणून साताऱ्याच्या तयारीत चढाइतकाच उताराचाही सराव हवा: सुरुवातीला थोडा, छोट्या पावलांनी, आणि शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी. सांगली-मिरजेच्या सपाटीवर सराव करणाऱ्यांना त्यासाठी दंडोबाचा डोंगर जवळ आहे.